पामला कोणतं खत घालू? आधी कुंडीची कड बघा

अंबाजोगाईहून एका ताईंनी लिहिलंय. त्यांचं पत्र थोडक्यात असं:

"दोन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला भावाने दोन अरेका पाम दिले. पोर्चमध्ये, दाराच्या दोन्ही बाजूंना, बारा इंची कुंड्यांत आहेत. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असे वाढले. आता खालची पानं पिवळी-नारिंगी होऊन टोकांकडून करपतात, आणि वरून येणारं नवं पानही फिकं, आखूड निघतंय. पाणी बोअरचं आहे. पण ते पुरवून वापरायचं म्हणून मी पिण्याच्या पाण्याचा आरओ फिल्टर जे पाणी बाहेर टाकतो ते बादलीत धरते आणि तेच झाडांना घालते. कूलरची टाकी रिकामी केली की तेही पाणी कुंडीतच. एप्रिलमध्ये मामंजींनी शेतातून आणलेला मूठ-मूठ युरिया दोन्ही कुंड्यांत टाकला. आठवड्यात निम्मी पानं करपली. त्यांना फार वाईट वाटलं, मीही काही बोलले नाही. शेजारच्या काकू डीएपी टाका म्हणतात. मोबाइलवर कुणी केळीची सालं सांगतं, कुणी अंड्याची टरफलं, कुणी एप्सम सॉल्ट. नेमकं कोणतं खत, किती आणि कधी? की आता झाडं काढूनच टाकू?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी एवढंच करा: पुढचा महिनाभर दोन्ही कुंड्यांत कोणतंच खत जाऊ देऊ नका. शेणखत नाही, पेंड नाही, केळीची सालं नाहीत. तुमचे पाम उपाशी राहिले म्हणून असे झालेले नाहीत. त्यांच्या मुळांभोवती क्षार साचलेत. क्षार साचलेल्या मातीत खत असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही, पाणीसुद्धा नीट ओढता येत नाही. वरून आणखी खत टाकलं तर तेही शेवटी क्षारच.

हे मी भोगून सांगतेय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या गच्चीवर दोन पाम होते. भांडी विसळलेलं, कपडे खंगाळलेलं पाणी घालून मी ते मे महिन्यापर्यंत जगवत आणले. मग पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, अशा पाण्यावर बिचारे किती दिवस तग धरतील, थोडं खत देऊन ताकद आणू. कोरड्या मातीत दोन-दोन चमचे खत टाकलं आणि वरून तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांत दोन्ही गेले. उपटले तेव्हा मुळं तपकिरी झाली होती, बोटांनी ओढली की वरचं सालपट सुटून हातात येत होतं, आणि मातीत खताचे दाणे तसेच लागत होते. घरचे म्हणाले, पाण्यावाचून गेले. पण तसल्या अपुऱ्या पाण्यावर ते दोन महिने जगले होते. गेले ते मी खत टाकल्यावर.

आता तुमच्या कुंडीकडे या. कुंडीच्या आतल्या कडेला, मातीच्या बोटभर वर, पांढरट-पिवळट थर दिसतो का बघा. नखानं खरवडला तर खपली निघेल. पाणी तापवायच्या हीटरवर बसतो, तोच हा थर. आपल्याकडचं बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून आणि चुनखडीच्या मातीतून येतं, त्यामुळे ते जड असतं. झाड पाणी पितं, उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मात्र कुंडीतच राहतात. शेतात पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात. पोर्चमधल्या कुंडीवर पाऊसच पडत नाही. दोन वर्षांचं सगळं तिथंच साठलंय.

त्यात फिल्टरचं पाणी. पाण्याचा एक थेंब वाया घालवणं तुमच्या जिवावर येतं हे मला कळतं, मराठवाड्यात कुणाच्या येत नाही? पण तो फिल्टर काय करतो ते बघा. एक लीटर गोड पाणी तुमच्या माठात जाताना दोन-तीन लीटर पाणी बाहेर पडतं, आणि त्या गोड लीटरातले क्षारही त्याच बाहेरच्या पाण्यात जातात. म्हणजे तुम्ही पामला जे पाणी घालता ते बोअरच्या पाण्यापेक्षा सव्वा ते दीडपट खारं. कूलरचं तर त्याहून वाईट. दिवसभर टाकीतलं पाणी उडत राहतं, क्षार मागे राहतात, आपण वरून पुन्हा पाणी भरतो, पुन्हा उडतं. कूलरच्या गवतावर चैत्र संपेपर्यंत पांढरी राप चढते ना, ती तुमच्या कुंडीत जातेय. हे दोन्ही पाणी फरशी पुसायला, संडासात, अंगणात सडा मारायला वापरा. कुंडीला नको. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र धरा. ते हवेतल्या ओलाव्याचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पिऊ नका, पण पामला ते चांगलं.

पाणी नेमकं कितपत खारं आहे ते अंदाजानं ठरवण्यापेक्षा तपासून घ्या. तुमच्या अंबाजोगाई तालुक्यातच कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. बोअरच्या पाण्याची बाटली कुठे आणि कशी द्यायची ते तिथं विचारा. अहवालात विद्युत वाहकता असा एक आकडा येतो. तो मीटरमागे ०.७५ डेसीसायमनच्या आत असेल तर निर्धास्त राहा. २.२५ च्या वर असेल तर त्या पाण्यावर पाम धरण्याचा हट्ट सोडा आणि पावसाचं पाणी साठवायच्या मागे लागा. मधल्या आकड्यांवर जमतं, फक्त पाणी घालताना दर वेळी खालच्या भोकातून थोडं निघेपर्यंत घालायचं. तांब्या-तांब्या शिंपडलेलं पाणी क्षार वाढवतं, भोकातून निघालेलं पाणी क्षार घेऊन जातं.

तुमच्या सासऱ्यांबद्दल दोन शब्द. त्यांचं चुकलं ते फक्त माप. शेतात मूठभर युरिया दोन-तीन वाफ्यांच्या मातीत पसरतो, पुढे पाट असतो, पाऊस असतो. बारा इंची कुंडीत पंधरा लीटरच्या आसपास माती. मुठीत ५० ग्रॅम युरिया धरला तर त्यात २३ ग्रॅम नत्र, म्हणजे नायट्रोजन. पामला एका वेळी जेवढं नत्र पुरतं त्याच्या हे शंभरपटीहून जास्त झालं. शिवाय चुनखडीच्या मातीत युरिया विरघळला की त्याचा अमोनिया होतो, आणि एवढ्याशा जागेत तो मुळं भाजतो. त्यांनी हाताला जे ठाऊक होतं ते प्रेमानं केलं. त्यांना यातून बाजूला काढू नका. पुढे ज्या खताबद्दल मी सांगणार आहे त्याचं ज्ञान तुमच्या घरात सगळ्यात जास्त त्यांनाच असेल.

तर पहिलं काम, कुंडी धुणं. रोहिण्या लागल्यात, मृग पंधरा दिवसांवर आलाय, तेव्हा दोन टप्प्यांत करा. आत्ता एकदा संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. मातीचा वरचा बोटभर थर खुरप्यानं हलकेच काढून टाका, युरियाचा सगळ्यात जास्त अंश तिथंच असेल. कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली घमेलं. बोटानं किंवा काडीनं खालचं भोक मोकळं आहे ना ते बघा. निम्म्या वेळा तिथंच मुळांचा बोळा अडकलेला असतो. मग साधं बोअरचं पाणी, फिल्टरचं नव्हे, तांब्यानं सावकाश घालत राहा. एकेका कुंडीला तीस लीटर लागेल, म्हणजे कुंडीतल्या मातीच्या दुप्पट. सुरुवातीला खालून चहासारखं तपकिरी, फेसाळ पाणी येईल. शेवटी शेवटी ते निवळत जातं. घमेल्यातलं पाणी संडासात ओता, ते परत कुंडीत जाऊ देऊ नका. त्यानंतर वरची माती दोन बोटं सुकेपर्यंत पाणी बंद.

दुसरा टप्पा निसर्गाचा. मृगाचा पहिला पाऊस घराचं छत धुऊन जाऊ द्या. पुढचा दणकून आला की कुंड्या उघड्यावर न्या आणि चांगल्या भिजू द्या. ऊन पडलं की लगेच परत पोर्चमध्ये. दोन वर्षं सावलीत वाढलेलं पान पावसाळ्यातल्या स्वच्छ उन्हातही एका दुपारीत भाजतं. पावसाच्या पाण्यासारखं धुणं दुसरं नाही, आणि तेही फुकट. पत्र्याच्या पन्हळीखाली एक पिंप ठेवलं तर दिवाळीपर्यंत पामचं पाणी घरचं होईल. झाकण घट्ट ठेवा, डास होतात.

कुंडी धुताना पाणी वर तुंबून राहिलं, किंवा कडेच्या भेगांतून भसकन खाली गेलं, तर गडबड मातीत आहे. शेतातली काळी चिकण माती भरलेली असणार. ती कपाशीला, तुरीला सोनं आहे. कुंडीत मात्र ओली झाली की चिकट गोळा होते आणि वाळली की आक्रसून कुंडीची कड सोडते. मग तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून बाहेर पडतं आणि मधला मुळांचा गड्डा ठणठणीत कोरडाच राहतो. तुम्हाला वाटतं पाणी दिलं. अशी माती असेल तर मृग बरसल्यावर कुंडी बदला: दोन भाग मुरमाड तांबूस माती, एक भाग दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. पामची मुळं मोकळी करायच्या, विंचरायच्या भानगडीत पडू नका. त्याला मुळांना हात लावलेला आवडत नाही. बाहेरची सैल माती झटका आणि गड्डा तसाच नव्या मातीत बसवा. कुंडी बदलल्यावर दीड महिना खत नाही.

आता पानं वाचायला शिका. पाम आपलं दुखणं पानांवर लिहून दाखवतो, फक्त खालचं पान काय म्हणतंय आणि वरचं काय, हे वेगळं वाचावं लागतं. सकाळी आठच्या सुमाराला खालचं एक पिवळं पान उजेडाकडे धरा. पानाच्या पात्यांवर तेलाचे थेंब पडावेत तसे बारीक, नारिंगी, आरपार दिसणारे ठिपके असतील आणि टोक जळालेलं असेल, तर ती पालाशची, म्हणजे पोटॅशची, कमतरता. पामला नत्रापेक्षाही पालाश जास्त लागतो. पान मध्ये हिरवं आणि दोन्ही कडांना रुंद पिवळा पट्टा, हिरव्या लुगड्याला पिवळा काठ असावा तसं, तर मॅग्नेशियम कमी आहे. ही दोन्ही लक्षणं जुन्या पानांवर दिसतात, कारण झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं. लोहाचं उलटं असतं. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून कमी पडलं की वरचं नवं पान फिकं निघतं, शिरा तेवढ्या हिरव्या. उसाला, सोयाबीनला केवडा पडतो म्हणतात ना, तोच हा प्रकार. आणि नवं-जुनं न पाहता सगळंच झाड एकसारखं फिक्कट पोपटी झालं तर नत्र.

तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टी दिसतात. खाली नारिंगी, करपलेली पानं: पालाश. वर फिकं, आखूड पान: लोह. बहुतेक घरांत हेच असतं, आणि गंमत म्हणजे तुमच्या मातीत लोह नाही असं नाही. भरपूर असेल. पण जड पाण्यानं मातीचा सामू (पीएच) वर चढला की लोह बंदिस्त होतं, मुळांना मिळत नाही. कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा सल्ला यासाठीच कामाचा नाही. हिराकसही (फेरस सल्फेट) चुनखडीच्या मातीत टाकला की थोड्याच दिवसांत निकामी होतो.

आणि ताई, एक कळकळीची विनंती. पिवळी पानं कापू नका. पोर्चमध्ये बरं दिसत नाही, पाहुणे येतात, सगळं मान्य. पण ते नारिंगी पान म्हणजे झाडाची साठवण आहे. त्यातला पालाश काढून झाड वरचं नवं पान पोसतंय. तुम्ही ते कापलंत की झाड त्याच्या वरच्या हिरव्या पानाला हात घालतं. मग तेही पिवळं पडतं, तुम्ही तेही कापता, आणि बघता बघता शेंड्यावर दोन पानं उरतात. पूर्ण तपकिरी, कुरकुरीत झालेलं पानच काढा. नुसती टोकं जळाली असतील तर कात्रीनं तेवढीच टोकं छाटा, तीही वाळलेल्या भागाची रेघभर कड ठेवून. हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा वाळतं.

एक मात्र तपासा. पानावर नारिंगी ठिपक्यांऐवजी धूळ बसल्यासारखे बारीक फिके टिपके असतील आणि पानामागे जाळी दिसत असेल तर ते लाल कोळी. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत हमखास येतात. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून, चार-चार दिवसांनी तीन वेळा. तिथं खताचा संबंधच नाही. अरेकाचे देठ आणि खोडं मुळातच पिवळसर असतात, त्याचीही काळजी नको. अरेका म्हणजे आपली सुपारी नव्हे. हा पाम मूळचा मादागास्करचा, दमट हवेतला. आपल्या वैशाखाच्या झळा त्याच्या रक्तात नाहीत. थोडी टोकं तपकिरी होणारच, तेवढी सोडून द्या.

आता खत. महिना गेला, पाऊस झाला, आणि मधून पोंगा, म्हणजे न उलगडलेलं नवं पान, वर सरकताना दिसला की सुरुवात करायची. पोंग्यावर मार्करनं एक बारीक खूण करून ठेवा, आठवड्यानं ती खालच्या देठापासून किती वर गेली ते कळतं. पोंगा हलत नसेल तर झाड अजून जेवायला बसलेलं नाही, वाढू नका.

सासऱ्यांना विचारा, ठिबकमधून सोडायचं विद्राव्य खत घरात आहे का. १९:१९:१९ आणि १३:०:४५ (हे आकडे ओळीनं नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश यांच्या टक्क्यांचे), या दोन पिशव्या कापूस-भाजीपाला करणाऱ्या बहुतेक घरांत निघतात. नसतील तर कृषी सेवा केंद्रात एकेक किलोची मिळतात, तुमच्या दोन कुंड्यांना ती वर्षानुवर्षं पुरतील. माप कुंडीला एक लीटर पाणी आणि लीटरला एक ग्रॅम. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, तेव्हा पाव चमच्यापेक्षाही थोडं कमी. पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९, पुढच्या पंधरवड्याला १३:०:४५, असं आलटून-पालटून, जुलैपासून दसऱ्यापर्यंत. नुसतं १९:१९:१९ देत राहिलं तर स्फुरद नको इतका होतो आणि पालाश कमीच पडतो, म्हणून ही जोडी. पोर्चऐवजी कुणाचा पाम हॉलच्या कोपऱ्यात असेल तर पंधरा दिवसांऐवजी महिन्यानं द्या. उजेड कमी तिथं भूक कमी.

महिन्यातून एकदा, या दोन्हींपासून वेगळ्या दिवशी, लीटरला दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. मोबाइलवरचं एप्सम सॉल्ट ते हेच. पालाश वाढवला की मॅग्नेशियमची ओढाताण होते म्हणून हे सोबत लागतं. पण उठसूट चमचा-चमचा टाकलं तर उलट पालाशच अडतो. ज्यांनी व्हिडिओ बघून दर आठवड्याला एप्सम सॉल्ट घातलं त्यांचे पाम मी पाहिलेत. पानं तुमच्यासारखीच नारिंगी.

लोहासाठी दुकानात दोन पाकिटं दिसतील. एकावर चिलेटेड लोह १२ टक्के, ईडीटीए. दुसऱ्यावर ६ टक्के, ईडीडीएचए. माणूस साहजिकच बारा टक्केवालं उचलतो, ते स्वस्तही असतं. तुम्ही सहा टक्केवालंच मागा. ईडीटीएतलं लोह साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकतं, आणि चुनखडीची जमीन, जड पाणी म्हटलं की आपला सामू आठकडे असतो. ईडीडीएचए तिथंही सुटत नाही. एका कुंडीला एक ग्रॅम, दोन लीटर पाण्यात विरघळवून मातीत. दोन महिन्यांनी एकदा पुरे. पाण्याला लालभडक रंग येतो, फरशीवर आणि साडीवर डाग पडतो, तेव्हा अंगणात करा.

कोणतंही खत ओल्या मातीतच. आदल्या संध्याकाळी साधं पाणी, सकाळी खत. माझे पाम गेले ते याच एका चुकीनं. आणि पोंग्यात खताचा दाणा किंवा खताचं पाणी कधी पडू देऊ नका. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. आंब्याची फांदी मोडली तर खालून दुसरी फुटते, पामचा कोंब गेला तर ते खोड गेलं. खत कुंडीच्या कडेकडेनं द्या.

काकूंचं डीएपी नको. त्यात ४६ टक्के स्फुरद, पामला तो सगळ्यात कमी लागतो, आणि जास्तीचा स्फुरद आधीच अडकलेलं लोह आणखी अडकवतो. सिंगल सुपर फॉस्फेटही नको, त्यात फ्लोराइड असतं आणि अरेकाची टोकं त्यानं जळतात. नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड आहे, तिथल्या वाचकांनी पामसाठी पावसाचंच पाणी धरावं. अंड्याच्या टरफलांत चुना, राखेत चुना आणि क्षार. चुन्याची आपल्या मातीला काय ददात? केळीच्या सालात पालाश असतो हे खरं, पण ती भिजवलेलं आंबूस पाणी कुंडीत घातलं की चिलटं होतात. सालं खतखड्ड्यात टाका, कुजून आली की वापरा.

शेणखत-गांडूळखताला मी नाही म्हणत नाही. त्यानं माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, खताचा झटका बसत नाही. पावसाळ्याच्या मध्यावर आणि दसऱ्याला, कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळा. इथं मूठ चालते, सासऱ्यांना सांगा. फक्त शेणखत पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही. अर्धं कच्चं असेल तर कुंडीत गरम होतं आणि त्यातून हुमणीची अळी येते. कुंडीतली एक हुमणी महिन्यात सगळी कोवळी मुळं खाते आणि वरून पान पिवळं पडताना आपण पुन्हा खतच शोधत बसतो.

दसऱ्यानंतर खत आवरतं घ्या. डिसेंबर-जानेवारीत काही नाही. फेब्रुवारीत एक हात १९:१९:१९ चा, मार्चच्या सुरुवातीला एक १३:०:४५ चा, आणि होळीनंतर मृगापर्यंत पूर्ण बंद. बेचाळीस डिग्रीला पाम फक्त जीव धरून बसलेला असतो. तेव्हा त्याला सावली, वाऱ्याच्या झोतापासून आडोसा आणि गोडं पाणी एवढंच हवं. कूलरचा झोतही त्याच्यावर येऊ देऊ नका.

जळालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत. हे आत्ताच सांगते, नाहीतर ऑगस्टमध्ये तुम्हाला वाटेल की काहीच फरक पडला नाही. पोर्चमधला अरेका चांगल्या दिवसांतही एका खोडाला दीड-दोन महिन्यांनी एखादं पान काढतो. फरक नव्या पानात बघायचा: ते आधीच्यापेक्षा लांब आहे का, गडद आहे का.

आता झाडं काढून टाकायची की नाही. तुमच्या कुंडीत एक पाम नाहीये, नर्सरीत एका पिशवीत पाच-सात रोपं लावून तो झुपका केलेला असतो. म्हणून एकेका खोडाचा पोंगा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. ज्याचा पोंगा सटकन हातात आला, बुडाशी मऊ, काळपट आणि कुजका वास, ते खोड गेलंय, ते जमिनीलगत कापा. ज्याचा पोंगा बोटांना घट्ट अडतो ते जिवंत आहे, त्याची खालची सगळी पानं जळालेली असली तरी. एका कुंडीत अशी दोन खोडं जरी घट्ट निघाली तरी ती कुंडी ठेवा.